काजू-मैनेचा प्रॉम्प्टर

रामनगरच्या नाटकांत बाबुराव बत्तीस वर्षं होते, आणि एकाही फोटोत ते नाहीत. फोटोवाला समोरून फोटो काढायचा, बाबुराव डाव्या विंगेत कापडाच्या घडीत उभे असायचे. एका हातात वही, दुसऱ्या हातात लाल कागद चिकटवलेली बॅटरी. दिवसा लाकूड डेपोत ओंडक्यांची मापं घ्यायची, संध्याकाळी तालमीला हजर व्हायचं, आणि जत्रेत नाटक उभं राहिलं की राजापासून हुजऱ्यापर्यंत सगळ्यांची वाक्यं आपल्या घशात धरून ठेवायची. नटाची जीभ अडली की पहिले दोन शब्द असे सोडायचे, की ते नटाच्या कानात पडावेत आणि पहिल्या रांगेतल्या पंचांच्या कानात पडू नयेत. हे काम ते इतकं सुरेख करायचे की बत्तीस वर्षांत प्रेक्षकांना त्यांचा आवाज एकदाच ऐकू आला. त्या एकदाची लाज त्यांच्या मनातून अजून गेलेली नव्हती.

आता बाबुरावांनी सत्तरी ओलांडली होती. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा संदीप गोव्यातल्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी यायचा. घरी सून विमल आणि बाबुराव, दोघंही कमी बोलणारी. नात श्वेता बेळगावला नर्सिंग शिकायला गेली आणि जाताना आपले दोन ससे आजोबांच्या हवाली करून गेली. "आज्जा, महिनाभर बघ, मग मी कायतरी करते," म्हणाली. त्या महिन्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

काजू हा नर, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, गुबगुबीत, आळशी, खाण्याच्या वेळेला मात्र चपळ. मैना राखाडी, अंगानं लहान आणि तोऱ्यात मोठी. डॉक्टरांनी दोघांचीही ऑपरेशनं वेळेवर केली होती, नाहीतर रामनगरात एव्हाना माणसांपेक्षा ससे जास्त झाले असते. पडवीत लाकडी पिंजरा होता, पण दार दिवसभर उघडंच. दोघं एकमेकांना अंग लावून बसायची. सकाळी बाबुराव चहाची कपबशी घेऊन समोर बसले की काजू पुढं सरकून मैनेच्या हनुवटीखाली डोकं घालायचा, आणि ती त्याचं कपाळ चाटायला लागायची. अगदी सावकाश, डोळ्यांच्या कडांपर्यंत. बाबुराव म्हणायचे, "हां, पहिला प्रवेश झाला. आता आमचा चहा." बायको गेल्यापासून घरात सकाळचं पहिलं वाक्य कुणी बोलायचं हा प्रश्नच होता. तो या दोघांनी सोडवला होता.

दिवाळीच्या आधी काजूनं खाणं सोडलं. जबडा सुजला, दाताच्या मुळाशी पू झाला. श्वेता येऊन त्याला बेळगावच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. रोज जखम धुवायची होती, म्हणून काजू बावीस दिवस तिच्याच खोलीवर राहिला. इकडं मैना पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात बसून राहायची, आणि बाबुराव चहा पिताना मुद्दाम मोठ्यानं फुरका मारायचे, तेवढाच आवाज.

तेविसाव्या दिवशी काजू एस.टी.नं परत आला. झाकणाच्या टोपलीत, बाबुरावांच्या मांडीवर. दारात विमल उभीच होती.

"थांबा मामंजी, तसंच आत आणू नका. दवाखान्यातनं आलंय ते."

"अगं, ससा हाय तो."

"ससा हाय म्हणून काय झालं? तुमी हर्नियाचं करून आला तवा न्हाई का न्हाणीघरात घातलं हुतं आधी?"

बाबुरावांनी टोपली खाली ठेवली. विमलनं कोमट पाणी केलं, शिकेकाई लावून काजूला धुतलं, मऊ फडक्यानं पुसलं, चुलीजवळ उबेला धरलं. जखमेच्या जागी हळद लावली. घरात नवी कोंबडी किंवा मांजर आणलं की चुलीभोवती तीनदा फिरवतात, म्हणजे ते घर सोडून जात नाही. परत आलेल्यालाही फिरवलेलं बरं, म्हणून काजूला फिरवलं. वर धूप दाखवला. बाबुरावांनी स्वतः भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. एवढा मान गावात लग्न होऊन आलेल्या जावयालासुद्धा मिळाला नसेल. मग त्याला पिंजऱ्यात मैनेसमोर ठेवलं आणि सासरा-सून कौतुकानं बघत उभी राहिली.

मैनेनं एकदा नाक हलवलं. दुसऱ्या क्षणी पिंजऱ्यात नुसतं भिरभिरं. पांढरी लव हवेत, राखाडी लव हवेत, पाय आपटल्याचे आवाज आणि बाबुरावांचं मधलं बोट रक्तबंबाळ. विमलनं सूप मध्ये घातलं म्हणून दोघं वेगळी झाली.

बाबुरावांनी श्वेताला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आंघोळ? सशाला कुणी आंघोळ घालतं व्हय आज्जा? थंडीनं मेला असता तो."

"गरम पाणी हुतं की."

"हळद पण लावली?"

"थोडीशी."

"अजून काय?"

"धूप," बाबुराव हळूच म्हणाले.

"देवा!" श्वेता म्हणाली. "आज्जा, ती डोळ्यानं न्हाई ओळखत, वासानं ओळखते. काजूच्या अंगाला आधीच दवाखान्याचा वास, माझ्या खोलीचा वास. त्यावर तुमी शिकेकाई, हळद आणि धूप! तिच्या घरात कुणीतरी परका नर शिरला, असंच वाटलं तिला."

बाबुरावांनी बोटाच्या पट्टीकडं बघितलं. "म्हणजे आमी त्याला मेकअप करून पाठवला," ते म्हणाले.

श्वेतानं डॉक्टरांना विचारून सगळी रीत सांगितली. बाबुरावांनी ट्रंकेतून जुनी प्रॉम्प्टिंगची वही काढली आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर सगळं उतरवून घेतलं. दोघांना वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवायचं, पण शेजारी, मध्ये वीतभर अंतर. एकाच्या अंगाखालचं फडकं दुसऱ्याकडं घालायचं, रोज पिंजरे अदलाबदल करायचे. खाणं एकाच वेळी, समोरासमोर द्यायचं. मग दोघांपैकी कुणाचीच नाही अशा जागी भेट घडवायची. पाठलाग झाला, थोडं चिमटणं झालं, तर घाबरायचं नाही. पण एकमेकांना धरून गोल गोल फिरायला लागली तर लगेच सोडवायचं, आणि तेही उघड्या हातानं नाही.

दुसरा पिंजरा कुठून आणायचा? विमलचा मावसभाऊ लखू, त्याचा कुळगीच्या जंगलाच्या वाटेवर होमस्टे. त्यानं आपलं जुनं खुराडं जीपमधून आणून दिलं. ते एवढं मोठं निघालं की दोन्ही पिंजरे पडवीत शेजारी ठेवल्यावर स्वयंपाकघराच्या दारात अर्धीच वाट उरली. विमल दोनदा अडखळली. दुसऱ्यांदा तिच्या हातात पेजेचं भांडं होतं.

"मामंजी," जमीन पुसता पुसता ती म्हणाली, "सोमवारपास्नं भात घरात येणार. पोती ठेवायची कुठं? माझ्या डोक्यावर?"

लखू तिथंच होता. तो म्हणाला, "बाबुरावमामा, एक मला द्या की. पावण्यांची पोरं येतात, वाघ तर काय दिसत न्हाई कुणाला. निदान ससा बघून जातील."

विमलनं फडकं पिळलं. "रविवारपर्यंत दोघांचं जमलं तर जमलं. न्हाई तर काजू लखूकडं. तिथं त्याचं खाणंपिणं चांगलं हुईल मामंजी."

ती रागानं म्हणाली असती तर बाबुराव भांडले असते. ती समजावून सांगत होती, म्हणून भांडताही येईना. सकाळच्या चहासमोर एकच ससा, हे चित्र बावीस दिवस बघून झालं होतं. बावीस दिवसांचं सोसलं, कारण तो परत येणार होता.

बुधवारी बाबुरावांनी दोघांना माजघरात सोडलं. माजघर कुणाचं नाही असं त्यांना वाटत होतं. पण मैनेनं दोन वर्षांत तिथल्या प्रत्येक खांबाला, पाटाला, गव्हाच्या डब्याला हनुवटी घासून आपलं नाव लावून ठेवलं होतं. ती पहिल्याच मिनिटाला काजूवर धावली आणि काजू देव्हाऱ्याखाली लपला.

"तुज्या घरात एक जागा दाखव जी तिची न्हाई," हे सगळं ऐकून झिलू म्हणाला. झिलू म्हणजे गावची जुनी नायिका. मिशा फुटल्यापासून दात पडेपर्यंत त्यानं राण्या, सुना आणि सवती रंगवल्या, आणि आता स्टँडजवळ चहाचं दुकान चालवायचा. "बाबू, स्टेजवर ने त्यांना. ती जागा कुणाच्याच बापाची न्हाई."

बाबुराव त्याच्याकडं बघतच राहिले. खरंच होतं. धरणात गावं गेली तेव्हा चार वाड्यांची माणसं रामनगरात येऊन बसली होती, आणि पहिली दोन वर्षं नळावर रोज भांडण. कुणी कुणाच्या ओसरीवर चढत नव्हतं. देवळामागं तीन भिंतींचा आणि पत्र्याच्या छपराचा रंगमंच बांधला, तेव्हा तालमीसाठी सगळे तिथं यायला लागले, कारण ती ओसरी कुणाचीच नव्हती. बाबुराव आणि झिलू एकमेकांशी पहिल्यांदा बोलले तेही तिथंच. त्याआधी ते फक्त एकमेकांच्या घागरी बाजूला सारायचे.

शुक्रवारी दुपारी झिलूनं देवळातून रंगवलेल्या पडद्यांची गुंडाळी काढली. गुळगुळीत सिमेंटवर सशाचे पाय घसरतात, खाली काहीतरी अंथरायला हवं. राजवाड्याचा पडदा उंदरांनी खाल्लेला होता. जंगलाचा पडदा शाबूत होता. हुबळीच्या पेंटरनं रंगवलेली ती झाडं जोयड्याच्या जंगलात कुणी कधी पाहिली नव्हती, पण हिरवी होती. ती जमिनीवर पसरली. एका बाजूला, जिथं बाबुरावांची विंग असायची, तिथं टोपली आडवी ठेवली. मैनेनं आधी एक रंगवलेलं पान कुरतडून पाहिलं. मग तिला काजू दिसला. ती त्याच्यामागं लागली, एक फेरी, दुसरी फेरी, आणि बाबुरावांनी टॉवेल टाकून काजूला उचललं.

"अरे, अजून काय झालंच न्हाई!" झिलू ओरडला.

"चावली असती."

"असती! नागराजच्या टायमाला केलंस तेच केलंस बघ आज."

बाबुरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बत्तीस वर्षांत प्रेक्षकांना त्यांचा आवाज एकदा ऐकू आला, तो याच नागराजच्या टायमाला.

नागराज कन्नड माणूस, हॉटेलवाला. मराठी नाटकातली वाक्यं कन्नड अक्षरांत लिहून पाठ करायचा आणि अशी म्हणायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्या नाटकात तो बाप होता. तरुण मुलाचं प्रेत समोर. नागराज गुडघ्यावर बसला आणि थांबला. मैदान चिडीचूप. बाबुराव वाट बघत राहिले. त्यांना वाटलं, विसरला. त्यांनी शब्द सोडले. नागराज हलला नाही. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. मग त्यांनी सगळ्या ताकदीनिशी, शेवटच्या रांगेतल्या बायकासुद्धा दचकतील अशा आवाजात म्हटलं, "बाळा, ऊठ!"

नागराज रडत रडत विंगेकडं वळून कन्नडमध्ये म्हणाला, "गोत्तैती री!" म्हणजे, माहीत आहे हो! आधी प्रेत झालेल्या मुलाचं पोट हसण्यानं हलायला लागलं, मग अख्खं मैदान हसलं. पुढं वर्षभर गावातली पोरं बाबुराव दिसले की म्हणायची, "बाळा, ऊठ!"

नागराजनं दुसऱ्या दिवशी त्यांना आपल्या हॉटेलात बसवून शिरा खाऊ घातला, एवढंच काय ते. पण बाबुराव त्या दिवसापासून शिकायला लागले. विसरलेला नट आणि थांबलेला नट यांत फरक काय? पुढची कित्येक नाटकं त्यांनी वहीपेक्षा नटांच्या पायांकडं जास्त बघितलं. त्यांच्या ध्यानात आलं, ज्याला वाक्य आठवत नाही त्याचा पाय विंगेकडं वळतो. तोंडानं तो कितीही अभिनय करो, पाय सुटकेची वाट बघत असतो. ज्याला वाक्य ठाऊक आहे, त्याचे पाय समोरच्या माणसाकडं असतात. त्यानंतर बाबुरावांनी चुकीच्या वेळी प्रॉम्प्ट दिला नाही.

शनिवारी भेट घडवली नाही. फडकी बदलली, पिंजरे बदलले, मुळ्याचा पाला मध्ये ठेवून दोघांना जाळीच्या दोन्ही बाजूंनी खायला लावलं. दोघांचे जबडे एकाच तालात हलत होते. बाबुरावांनी वहीत लिहिलं, "खाताना भांडण नाही." खाली रेघ मारली.

रविवारी चारच्या सुमाराला जंगल पुन्हा जमिनीवर पसरलं. झिलू दुकान बंद करून आला होता, वर धुतलेला शर्ट घालून, जणू पाहुणाच. विमल हातात सूप घेऊन उभी होती. लखूची जीप देवळाच्या कट्ट्याला लागली आणि तो गवत घातलेलं खोकं घेऊन खाली उतरला.

"घाई न्हाई मामा," तो म्हणाला, पण खोकं खाली ठेवलं नाही.

बाबुरावांनी काजूला सोडलं, मग मैनेला. मैना त्याच्यामागं धावली. एक फेरी. बाबुरावांची वही हातात चुरगळली. दुसरी फेरी. पांढऱ्या लवेचा एक झुबका उडाला आणि रंगवलेल्या झाडावर जाऊन पडला.

"मामंजी," विमल म्हणाली.

"थांब."

तिसऱ्या फेरीला काजू मधोमध थांबला. त्यानं हनुवटी जमिनीला टेकवली, कान पाठीवर आडवे टाकले. मैना त्याच्यासमोर येऊन ताठ उभी राहिली. दोघांत चार बोटांचं अंतर. कुणीच हलेना.

"संपलं," लखू कुजबुजला. "आता झडप घालणार ती. सोडवा."

विमलनं सूप उचललं. झिलूसुद्धा, आयुष्यभर स्टेजवर न घाबरलेला झिलू, बाबुरावांच्या दंडाला धरून म्हणाला, "बाबू, कायतरी कर."

सशाचे डोळे दोन बाजूंना. तो कुठं बघतोय हे कुणाला कळावं? बाबुरावांनी डोळ्यांकडं बघितलंच नाही. ते खाली वाकले आणि काजूच्या मागच्या पायांकडं बघत राहिले. शुक्रवारी ते पाय विंगेकडं, टोपलीकडं वळलेले होते, उडी घ्यायला टपलेले. आज टोपली तिथंच होती. पण पाय अंगाखाली सैल मिटलेले होते, आणि सगळा काजू, नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत, मैनेच्या दिशेनं होता.

बाबुरावांनी विमलचा हात धरला आणि सूप खाली केलं. "त्याला वाक्य ठाऊक हाय," ते म्हणाले. बत्तीस वर्षांच्या त्या जुन्या आवाजात, जो फक्त एका कानापुरता असतो.

देवळातली घंटा कुणीतरी वाजवली, तिचा घुमणारा आवाज पत्र्याखाली येऊन विरला. मैनेनं मान पुढं केली. काजूच्या कपाळाचा वास घेतला. मागं झाली. विमलचा श्वास बाबुरावांना ऐकू येत होता. मग मैनेनं पुन्हा मान पुढं केली आणि एकदाच, घाईघाईनं, नाइलाज असल्यासारखी, त्याच्या कपाळाला जीभ लावली. थांबली. आणि मग सावकाश, डोळ्यांच्या कडांपर्यंत, बावीस दिवसांची आणि वर एका आठवड्याची थकलेली सगळी चाटाचाटी सुरू केली.

झिलूनं टाळी वाजवायला हात वर केले. बाबुरावांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. हात तसेच खाली आले आणि झिलूनं त्याच हातांनी डोळे पुसले. "मी इतकी लग्नं केली या स्टेजवर," तो म्हणाला, "पण असा प्रवेश माझ्या वाट्याला एकदाबी आला न्हाई बघ."

"तुला नवरे चांगले मिळाले न्हाईत," बाबुराव म्हणाले.

लखूनं हातातलं खोकं शेवटी खाली ठेवलं. थोडा वेळ तोही उकिडवा बसून बघत राहिला. "आता खोक्याचं काय करू?" तो म्हणाला.

"खुराडं ने तुजं परत," विमल म्हणाली. "दाराची वाट मोकळी कर माजी."

दोघं ससे एकाच टोपलीत बसून लखूच्या जीपनं घरी आले. बाबुराव मांडीवर टोपली घेऊन पुढं बसले होते, झिलू मागं खुराड्यासाठी दोरी शोधत होता. घरी पोचल्यावर बाबुरावांना दिसलं, पडवीतला जुना लाकडी पिंजरा नुसत्या पाण्यानं घासून धुतलेला, उन्हात वाळवून जागेवर ठेवलेला. आत ताजं गवत, आणि पाण्याच्या वाट्या दोन. विमल दुपारी घरातून निघाली होती ती हे करूनच निघाली होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "साबण लावला न्हाई हां. श्वेतीला इचारलं फोन करून."

काजू-मैना आत शिरली, एक गवताच्या ढिगावर, दुसरा तिच्या अंगाला टेकून. जीपचा आवाज ऐकून शेजारच्या बायका कुंपणापाशी आल्या होत्या, लखूनं त्यांना सगळा प्रवेश आपण केल्यासारखा सांगायला सुरुवात केली होती. कुणीतरी म्हणालं, किती गोड दिसतात, दृष्ट लागेल. विमलला ते पटलं. ती लगबगीनं आत गेली आणि हातात मीठ-मोहऱ्या, हळदीची वाटी आणि धुपाटणं घेऊन बाहेर आली. धुपाटण्यातून नुकताच धूर निघायला लागला होता.

तेव्हा बाबुराव पडवीच्या पायरीवर उभे राहिले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि रामनगरच्या माणसांना बत्तीस वर्षांतल्या त्या एका वेळेनंतर दुसऱ्यांदा त्यांचा आवाज ऐकू आला. स्टँडपर्यंत गेला म्हणतात.

"विमल! धूप न्हाई!"